पूर्वज सापडले नाहीत तरी फी द्यायची? – बडोद्यातला वंशावळ शोधण्याचा धंदा

वंशवेल

नमस्कार मंडळी.

"ताई, तुम्ही शोधा. पूर्वज सापडले तर मागाल ते देऊ. नाही सापडले तर कसले पैसे?" फोनवर हे ऐकलं नाही असा आठवडा जात नाही, म्हणून एकदाचा धागाच काढते.

मी बडोद्यात वंशावळी शोधायचं काम करते. छंद नाही, पोटाचा धंदा आहे. घर दांडिया बाजारात, बैठक दप्तर भांडारात आणि उरलेला वेळ नाशिक-त्र्यंबक-पुण्याच्या एसटीत. गिऱ्हाइकं साधारण ठरलेली. अमेरिकेत स्थायिक झालेली आणि "आपण मूळचे कुठले" या पोरांच्या प्रश्नाला अडलेली मंडळी. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायला बसलेली कुलमंडळं. वाडा बिल्डरला द्यायचं ठरल्यावर ज्यांना अचानक चुलत्यांची आठवण येते अशी भावंडं. आणि जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद हवी असलेले. हे शेवटचे २०२३ पासून, महाराष्ट्र सरकारने कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासून, फारच वाढलेत.

"सापडलं तर पैसे" या अटीवर मी काम घेत नाही. कोणी घेत असेल तर त्याच्या दारी जाऊ नका असंही सांगेन. ज्याची चूल सापडण्यावर पेटते त्याला सापडतंच. एकाच आडनावाचे, एकाच गावचे, एकाच काळातले दोन 'विठोजी' कागदात असले, की त्यातला सोयीचा विठोजी तुमचा पणजोबा होतो. मग त्यावर पुढच्या पाच पिढ्या चढतात, ते झाड फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागतं, आणि वीस वर्षांनी कोणीतरी तेच झाड पुरावा म्हणून माझ्यासमोर ठेवतं.

मी फी घेते ती शोधाची. कोणतं दप्तर पाहिलं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कुठला रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा), काय मिळालं आणि काय मिळालं नाही, हे सगळं लिहून देते. "मिळालं नाही" हा भाग लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो. पण पुढच्या वेळी तेच रुमाल पुन्हा सोडायची पाळी येत नाही ती त्याच्याचमुळे.

बडोद्याला तरी वंशावळीचं महत्त्व नव्याने सांगायला नको. १८७५ साली इंग्रजांनी महाराज मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं. त्यांचे भाऊ, आधीचे महाराज खंडेराव, यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायचं ठरलं, तेव्हा गायकवाडांच्या दूरच्या शाखेचा माग काढत लोक नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला पोचले. काशीरावांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक आला आणि सयाजीराव झाला. आता राजा बाजूला ठेवा आणि फक्त कागद बघा. आदल्या दिवसापर्यंत 'गोपाळराव काशीराव', दुसऱ्या दिवसापासून 'सयाजीराव खंडेराव'. नाव गेलं, बापाचं नाव गेलं, गावही गेलं. महाराजांचं प्रकरण जगजाहीर म्हणून आपल्याला ठाऊक. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाकडे असाच चुलत भावाचा मुलगा दत्तक आला असेल, तर नातवंडांना त्याचा पत्ताही नसतो. मी वर चढत जाते आणि एका पिढीशी पायरीच संपते. तिथे आधी गिऱ्हाइकाला विचारावं लागतं, रक्ताची वाट धरू की दत्तकाची? दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण दोन्हींचे तास वेगळे.

दुसरी खास बडोदेशाही अडचण बदल्यांची. बडोदा, कडी (पुढे मेहसाणा), नवसारी, अमरेली असे संस्थानचे प्रांत एकमेकांपासून तुटक विखुरलेले. मराठी कारकून-कामगार आज नवसारीला तर उद्या अमरेलीला. घरात मात्र सगळे ठाम असतात, "आजोबा बडोद्यातच जन्मले." जन्मलेले असतात पाटणला.

संस्थानी घरांना एक मोठा फायदाही आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू झालं आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू झालं. त्यामुळे शाळेचं जनरल रजिस्टर ही आमची हुकमी जागा. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा. 'आधीची शाळा' या रकान्यावरून बदल्यांचा अख्खा नकाशा उभा राहतो.

तर विचारा काय विचारायचं ते. भांडलात तरी चालेल.

रावपुरा_टॉवर

ताई, राग मानू नका. आमच्या घरी त्र्यंबकचे उपाध्याय आहेत. दर पिढीला कोणीतरी जाऊन वहीत नाव घालून येतं. दक्षिणा दिली की सात पिढ्या वाचून दाखवतात. तुम्ही त्यापेक्षा वेगळं काय करता, की तासाचे पैसे लावता? आणि पानंच्या पानं लिहून शेवटी "मिळाले नाही" म्हणायचं, हे जरा जास्तच ने?

खोडसाळ

@रावपुरा_टॉवर, बोअरवाला फुटावर पैसे घेतो, पाण्यावर नाही. त्याला कधी विचारलंत का हो?

माझा वेगळा प्रश्न. सगळ्यांचे खापरपणजोबा पानिपतावरच का पडतात? स्वयंपाकघरात पाय घसरून कोणी पडलंच नाही का त्या काळात?

वंशवेल

@रावपुरा_टॉवर, राग कशाचा? वही असणं हे भाग्य आहे, माझी निम्मी कामं त्या वहीपासूनच सुरू होतात. पण वहीत काय असतं ते बघा. समजा शके १८१५ (म्हणजे १८९३-९४) ची नोंद आहे. आलेल्या माणसाचं नाव, त्याचे भाऊ, मुलगे, बाप, आजा, पणजा, कधी त्यावरचेही, कधी आईचं आणि बायकोचं नाव, राहणार बडोदे, मूळ गाव अमुक, खाली मोडीत सही. यातले भाऊ आणि मुलगे त्याच्या डोळ्यांसमोरचे, ते पक्के. बाप-आजा श्राद्धात उच्चारायचे, तेही पक्के. पणजोबापर्यंत श्राद्धाचा संकल्प पुरतो. त्याच्या वरची नावं त्याने ऐकलेली. म्हणजे एकाच नोंदीत दोन दर्जाची माहिती एकाच शाईत बसलेली असते. गुरुजी ती वाचून दाखवतात आणि त्यांचं काम तिथे चोख होतं. माझं काम तिथून सुरू होतं. ही नावं दुसऱ्या कुठल्या कागदाशी जुळतात का, आणि जुळत नसतील तर कोणाचं ऐकायचं?

@खोडसाळ, पानिपताची गंमत खरीच आहे. एका घराण्याची सांगी अशी, की मूळ पुरुष पानिपतावर कामी आला. त्यांच्याच घरातला एक मोडी कागद निघाला, त्यावर 'सन सबा सितैन मया व अलफ'. सबा सात, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे सुहूर सन (मराठी दप्तरातली अरबी आकड्यांची कालगणना) ११६७, इसवी १७६६-६७. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, म्हणजे सुहूर ११६१ मध्ये. आणि या कागदावर तोच मूळ पुरुष स्वतः हजर, इनामाच्या वसुलीची तक्रार करतायत! घरच्यांना वाटलं मी त्यांचा शहीद हिरावून घेतला. माझ्या मते वसुलीसाठी भांडणारा पूर्वज जास्त जवळचा.

मोडीचा_विद्यार्थी

ताई, मी मोडीचा प्राथमिक वर्ग पूर्ण केलाय. छापील उतारे बऱ्यापैकी वाचता येतात. नोकरी सोडून यात पडावं का? मोडी वाचकांना आता मागणी आहे म्हणतात.

वंशवेल

नोकरी सोडू नका. निदान आत्ता तरी.

मागणी आहे हे खरं. पण मोडी येणं म्हणजे दार उघडता येणं, आतलं घर अजून बघायचंय. छापील किंवा वर्गातल्या मोडीत अक्षर वळणदार असतं. दप्तरातला कारकून आधी रेघ ओढून घेतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो. शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, बोरू उचलायचा आळस. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'रामाजीबिनसखोजी' सलग आलं की त्यातला 'बिन' (म्हणजे 'चा मुलगा') डोळ्याला दिसायलाच काही महिने जातात, आणि तो दिसला नाही तर बाप-लेक एकच माणूस होऊन बसतात. बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. हे चुकलं की नवराच बाईचा बाप होऊन बसतो.

मग कालगणना. सुहूर सन मृगाला बदलतं, म्हणून इसवी काढताना वर्षाच्या पूर्वार्धाला ५९९ आणि उत्तरार्धाला ६०० मिळवायचे. शकाला चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८, पुढे फाल्गुनापर्यंत ७९. आणि बडोद्यात राहिल्यावर विक्रम संवत सुटत नाही. गुजराती संवत कार्तिकात बदलतं. दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. एकाच घरात पत्रिका शकात, दुकानाची चोपडी संवतात आणि नोकरीचा हुकूम इसवीत, असं सर्रास असतं.

हे सगळं आलं तरी लिहिणं उरतंच. परदेशात या धंद्याला संस्था आहेत. अमेरिकेत वंशावळकारांना प्रमाणपत्र देणारं मंडळ १९६४ पासून आहे, व्यावसायिकांची संघटना १९७९ पासून. त्यांची कसोटी मी जशीच्या तशी उचलली आहे: शोध पुरेसा खोल झाला का, प्रत्येक विधानाला कागदाचा पत्ता आहे का, कागदांची छाननी केली का, विरोधी पुराव्याचं काय केलं, आणि निष्कर्ष लिहून दिला का. आपल्याकडे ना परवाना, ना परीक्षा. उद्या कोणीही पाटी लावू शकतो. लावतातही.

पडायचंच असेल तर एक करा. स्वतःच्या घराण्याच्या चार पिढ्या या कसोटीने लिहून काढा, तुमच्याबद्दल काडीचं प्रेम नसलेल्या माणसाला वाचायला द्या, आणि मग ठरवा.

शाही_वंशावळ_सेवा

[जाहिरात असल्याने प्रतिसाद काढला आहे. 'दहा दिवसांत ९६ कुळी प्रमाणपत्र, राजमुद्रेसह' इथे विकू नये. – संपादक]

खोडसाळ

अरेरे, राजमुद्रा गेली. मी ऑर्डर देणारच होतो.

पंचवटीचे_गुरुजी

मी तीर्थोपाध्यायांच्या घरातला. ताईंनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण यजमानांसाठी दोन शब्द.

येणारे म्हणतात, "आम्ही बडोद्याचे." बडोदे सांगून काही उपयोग नसतो. वही आडनावावर आणि मूळ गावावर लागते. तुमचे पूर्वज दमाजीराव गायकवाडांबरोबर गुजरातेत गेलेले असोत की सयाजीरावांच्या अमदानीत कारकून म्हणून, आमच्या लेखी तुम्ही त्या मूळ गावचेच. गाव माहीत नसेल तर कुलदैवत सांगा, गोत्र सांगा, घरात देवक असेल तर ते सांगा. त्यावरून गावाच्या आसपास तरी जाता येतं. आणि एका आडनावाचे उपाध्ये एकच असतील असं धरून चालू नका. आमच्यातही भाऊवाटण्या झाल्या, वह्या वाटल्या गेल्या. एका घरी नाही मिळालं तर शेजारच्या घरी विचारा, कोणी रागवत नाही.

सिंहस्थातल्या नोंदी जपून वापरा. गर्दीत एकाने सांगायचं आणि चौघांनी मान डोलवायची, असं होतं. शांतपणे श्राद्धाला आलेल्याची नोंद मला जास्त विश्वासाची वाटते.

आणि कृपा करून आल्या आल्या मोबाइल काढून वहीवर रोखू नका. त्या पानावर तुमच्याबरोबर तुमच्या भावकीचीही नावं असतात. विचारा, आम्ही बहुधा हो म्हणतो. व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच्या घरातली दुसरी बायको फिरायला लागली की मग आम्ही कोणालाच हो म्हणत नाही.

वंशवेल

गुरुजी, शेवटच्या परिच्छेदाला साष्टांग. अनौरस मूल, दुसरं लग्न, वेडाच्या इस्पितळात गेलेला काका, हे सगळं कागदात निघतं. माझा नियम असा: हयात माणसाबद्दलचं काहीही त्याच्या परवानगीशिवाय झाडावर जात नाही. मेलेल्यांबद्दलचं अहवालात लिहिते, पण आधी फोन करून "असं निघालंय" हे सांगते. कागद बदलत मात्र नाही. "एवढं गाळा ना" म्हणणाऱ्यांना मी झाडाची गाळलेली प्रत देते. मूळ अहवाल तोच राहतो.

गुजरातेत हेच काम जातीने करणारे लोक आहेत, वहीवंचा बारोट. यजमानाच्या घरी यायचं, वही वाचायची, नव्या जन्मांची भर घालायची, दक्षिणा घ्यायची. ए. एम. शाह आणि आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ मध्ये त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. बारोट अलीकडच्या पिढ्या चोख ठेवतो आणि वर गेलं की वंश देवादिकांना नेऊन भिडवतो. देणारा यजमान समोर बसलेला असतो ना! दख्खनातून आलेल्या आमच्यासारख्या घरांना बारोट नाही. पण बक्षिशीवर चालणाऱ्या वंशावळीचा ओढा कुठे जातो ते त्यांच्या वह्यांत स्वच्छ दिसतं. म्हणून म्हणते, शोधाचे पैसे द्या.

पोळवाला_वकील

बडोदा कोर्टात प्रॅक्टिस आहे, म्हणून थोडं कायद्याचं.

१) वंशावळ आणि पेढीनामा यांची गल्लत करू नका. गुजरातेत वारसाईसाठी तलाठ्याकडचा पेढीनामा लागतो. अर्ज, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र), पंचांचा जबाब. त्यात मयत माणसाचे सगळे वारस हवेत. कुलवृत्तांतातलं पान तिथे चालत नाही.

२) जुन्या छापील वंशावळींत मुली नसतात. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार. 'अमुक यांस चार पुत्र' एवढंच लिहिलेलं झाड घेऊन वाडा विकायला निघालात, तर पाचवी आत्या दाव्यात भेटेल.

३) कोर्टात नात्याचा पुरावा म्हणून घरातल्या जुन्या लिखाणाला वजन आहे, पण ते वाद उभा राहायच्या आधीचं हवं. पूर्वी १८७२ चा पुरावा कायदा होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, तत्त्व तेच. दाव्यानंतर केलेलं सुंदर रंगीत झाड मी स्वतः उलटतपासणीत फाडतो.

४) महाराष्ट्रातल्या जात पडताळणीसाठी जुनी नोंद शोधताना तारखा लक्षात ठेवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा लागतो.

वंशवेल

वकीलसाहेबांच्या चौथ्या मुद्द्याला जोड. मूळ गाव महाराष्ट्रात असेल तर तहसील कचेरीतला गाव नमुना १४ पाहायचा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची नोंद, पुष्कळदा जातीसकट, जुनी पानं मोडीत. जमिनीकडून जायचं तर नमुना ६ चे फेरफार आणि ६क ची वारस नोंदवही.

सातबाऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तिथे थांबा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, पण त्यामागे न दिसणारे भाऊ उभे आहेत. बडोद्याला आलेला धाकटा भाऊ बहुतेक वेळा याच तीन अक्षरांच्या मागे सापडतो. एका कामात सातबाऱ्यावर थोरल्याचं नाव, ए.कु.मॅ., आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात पुतण्यांची नावं, पत्त्यात 'हल्ली मुक्काम बडोदे'. घरात "आमची तिकडे जमीन कधीच नव्हती" असं तीन पिढ्या सांगत आले होते. तो फेरफार वाचून दाखवल्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. जमीन केव्हाच विकली गेली होती हा भाग त्यांनी मग ऐकलाच नाही.

जातीच्या कामात एवढं आधीच लिहून घेते: नोंद 'हवी ती' निघेल याची हमी नाही. नको ती निघाली तरी अहवाल तोच.

राजवाड्याची_लेक

माहेर इंदूर, सासर बडोदा. मला आजीकडून वर जायचंय. म्हणजे आईची आई, तिची आई. वडिलांकडची वंशावळ छापलेली आहे, त्यात आई म्हणजे "पत्नी: सौ. लक्ष्मीबाई". लक्ष्मी हे तर आईचं सासरचं नाव! आईकडच्यांचं कुठेच काही नाही. असं काम कोणी घेतं का?

आणि एक अनुभवाचं. होळकरी कागद हिंदीत असले तर वद्य पक्षाचा महिना आपल्या एक पुढे असतो. आपला भाद्रपद वद्य म्हणजे त्यांचा आश्विन कृष्ण. आजीची श्राद्धतिथी यावरून घरात दोन दिवस वाद होता.

वंशवेल

अगदी घेते, आणि आवडीने. पण ते महाग पडतं हे आधीच सांगते. पुरुषाची नोंद नोकरी, जमीन, शाळा, वही सगळीकडे. बाईची नोंद तिच्या नवऱ्याच्या आणि भावाच्या कागदांत विखुरलेली. माहेरचं आडनाव एकदा कळलं की सुटते गाठ. कुठे कळतं? लग्नपत्रिका, रुखवताची यादी, भांड्यांवरची नावं. तांब्या-परातीवर 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून' असं कोरलेलं भांडं भंगारात घालण्याआधी फोटो काढा. आईच्या माहेरच्या कुलवृत्तांतात 'कन्या' या शब्दापुढे कंसात जावयाचं आडनाव असतं, तिथे उलट्या बाजूने शोधायचं. नातेवाइकांची जुनी पोस्टकार्डंही टाकू नका, 'ती. सौ. आक्कास' एवढ्यावर एक अख्खी बहीण सापडते. तुमच्या आजीचा विद्यार्थिनी म्हणून कुठे प्रवेश झाला होता का तेवढं विचारून बघा.

वद्य पक्षाचा मुद्दा फार मोलाचा. ग्वाल्हेरकरांनाही तो लागू.

जर्सी_बडोदे

मी इकडून सुरुवात कुठून करू? फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर हरिद्वारच्या वह्या आहेत असं वाचलं. त्यात शोधत बसू का?

वंशवेल

हरिद्वारच्या वह्यांचे मायक्रोफिल्म त्यांनी केले आहेत हे खरं. पण तुमचे कोणी हरिद्वारला गेलेच नसतील तर तिथे बसून डोळे जातील. मराठी माणूस आधी त्र्यंबक-नाशिक, मग काशी-प्रयाग-गया.

सुरुवात फोनने करा, आणि आज करा. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला. "आपली वंशावळ सांगा" असं विचारू नका, ते घाबरून "मला काही माहीत नाही" म्हणतात. विचारा, सुट्टीत कुठल्या गावी जायचात, मुंजीला कोण कोण आले होते, सुतक कोणाचं धरायचात. सुतक कोणाचं किती दिवस, यावरून भावकीचा अख्खा नकाशा मिळतो. रेकॉर्ड करा, त्यांना सांगून.

मग कागद: शाळा सोडल्याचे दाखले, नोकरीचे हुकूम, जुनी पेन्शन बुकं, देवघरातली पोथी (मागच्या कोऱ्या पानावर जन्मवेळा टिपायची पद्धत होती), पत्रिका. पणजोबा संस्थानी नोकरीत असतील तर त्यांचा हुद्दा आणि साधारण सालं मला द्या. नेमणुका-बदल्या संस्थानच्या आज्ञापत्रिकेत (सरकारी गॅझेटमध्ये) शोधता येतात. जनगणनेच्या घरवार याद्यांची आशा ठेवू नका. विलायतेत त्या मिळतात, आपल्याकडे मिळत नाहीत.

एवढं जमवलंत की मग माझ्याकडे या. माझा पहिला टप्पा ठरावीक तासांचा असतो, अर्धी फी आगाऊ. तो संपला की अहवाल देते आणि पुढे जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. पुष्कळांचं काम या घरच्या कागदांतच होतं, माझी गरज पडत नाही. ते सांगायचे मी पैसे घेत नाही.

रावपुरा_टॉवर

बरं ताई, मानलं. पण फी अजून जड वाटते ते वेगळं.

काल माळ्यावरून आजोबांची ट्रंक काढली. त्यात दोन मोडी चोपड्या आणि एक सनदेसारखा लांब कागद आहे, घडीवर फाटलेला. एका चोपडीला वाळवी लागलीय. मुलगा म्हणतो, लॅमिनेट करून आणू, आणि फाटलंय तिथे सेलोटेप लावू. रविवारी घेऊन येऊ का?

वंशवेल

लॅमिनेशन नको! सेलोटेपही नको. टेपचा गोंद पिवळा पडून अक्षर खातो, आणि लॅमिनेशन पुन्हा निघत नाही.

वाळवीची चोपडी बाकीच्या कागदांपासून आजच वेगळी ठेवा, मऊ ब्रशने हलकेच झटका. उन्हात घालू नका, फिनाइल-हिट काही फवारू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. लांब कागद घडीवर जबरदस्तीने उलगडू नका, आहे तसा आणा. ट्रंकेत आणखी काही सुटे कपटे असतील तर तेही गोळा करा, कचरा म्हणून टाकू नका. सनदेचा शिक्का बहुतेक वेळा त्या कपट्यांतच असतो.

रविवारी अकरानंतर या. बघायचे पैसे नाहीत. वाचायचे आहेत.